आधी समुद्राची सवड

अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात एक गलबत रंगवलेलं आहे. तीन डोलकाठ्या, त्यांवर उंच, अरुंद शिडं, मागच्या बाजूला सुकाणूची वल्ही, नाळेवर टपोरा डोळा आणि ओळीनं मांडून ठेवलेले रांजण. ते पाण्याचे म्हणा, मालाचे म्हणा. गलबताखाली मासे आहेत, लाटा आहेत आणि वर हात जोडून बसलेला एक माणूस आहे. तो भविल. कथा त्याच्या धाकट्या भावाची, सोपाऱ्याच्या पूर्णाची. सोपारा म्हणजे आपलं आजचं नालासोपारा. पूर्ण हा तिथला व्यापारी. कितीतरी समुद्रसफरी करून सुखरूप परतलेला आणि पुढे बुद्धाचा भिक्षू झालेला. चंदनाच्या बेटाकडे जायचं भविलच्या मनानं घेतलं, तेव्हा पूर्णानं त्याला आधीच बजावलं होतं की त्या वाटेवर सुख थोडं आणि धोका फार. भविल गेला. बेटावर कुऱ्हाडी चालू लागल्या तसा तिथला यक्ष खवळला, तुफान उठलं आणि शेवटी पूर्णालाच धावून जावं लागलं.

सतराव्या लेण्यात दुसरी बेटकथा आहे, सिंहलाची. त्याचं गलबत फुटतं, तो आणि त्याचे सोबती राक्षसींच्या बेटाला लागतात. बेट देखणं, तिथल्या बायका त्याहून देखण्या, आणि सुटका फक्त एका उडत्या घोड्याच्या पाठीवरून. वाकाटकांच्या काळात, पाचव्या शतकात, वाघूरच्या घळीत बसून ही चित्रं काढणाऱ्यांपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर होता. तरीही गलबताचा दोर न् दोर त्यांना ठाऊक होता असं चित्रासमोर उभं राहिलं की वाटतं.

त्या लेण्यांपासून चारेक किलोमीटरवर फर्दापूर. सोयगाव तालुक्यातलं, संभाजीनगर-जळगाव रस्त्यावरचं गाव. लेणी पाहायला येणाऱ्यांच्या गाड्या इथल्या टी-जंक्शनला थांबतात आणि पुढचा रस्ता एसटीच्या बसनं होतो. गावातली बरीच घरं या वाहत्या रस्त्यावर चालतात. कुणाचं हॉटेल, कुणी गाईड, कुणाचं गारगोट्या आणि स्फटिक विकायचं दुकान. ज्यांचं पोट दुसऱ्यांच्या सहलींवर चालतं, त्यांची स्वतःची सहल कधी होते आणि कुठे, हे विचारायला मी तिथे गेले होते. उत्तर पुन्हापुन्हा एकच मिळालं: समुद्रावर जायचंय, बेटावर जायचंय, बोटीत बसायचंय. शिर्डी, शनिशिंगणापूर, पंढरपूर झालं. आता मुलांनी मोबाईलवर निळं पाणी पाहिलंय.

स्फटिकांचं दुकान असलेल्या एका घरात बोलणं चालू होतं, तेव्हा दोन पत्रकं सतरंजीवर पसरलेली होती. एक अंदमानच्या सहलीचं, दुसरं मालवण-तारकर्लीचं. घरात आजी, त्यांचे गुडघे धरलेले. मुलगा-सून, आणि दोन नातवंडं, एक आठवीतला आणि एक नुकती बालवाडीत जाऊ लागलेली. अंदमानच्या पत्रकात हॉटेलचे स्टार होते, नाश्त्याला काय मिळणार ते होतं, विमानतळावरून न्यायला कोणती गाडी येणार तेही होतं. बोटीबद्दल एकच ओळ होती: तीन बेटांची बोटसफर. सूनबाईंनी पत्रक उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘ताई, गाडीला एसी आहे का ते लिहिलंय. पण बोट कसली, किती माणसांची, ते कुठंच नाही.’’

हा नेमका प्रश्न कुणी विचारत नाही. हॉटेल वाईट निघालं तर एक रात्र वाईट जाते. बोट वाईट निघाली तर काय होतं ते आपल्या किनाऱ्यानं पुरेसं पाहिलं आहे. तरी आपण हॉटेलचे फोटो तासभर पाहतो आणि बोट जेट्टीवर गेल्यावर समोर येईल ती घेतो. घाटावरच्या माणसाला बोटीची निवड करता येत नाही असं मुळीच नाही. त्याला ती करायची असते हेच कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट बोटीची नाहीच, दिवसांची आहे. फर्दापूरचा हंगाम पाऊस ओसरल्यावर सुरू होतो. दिवाळीपासून थंडी संपेपर्यंत दुकान सोडून हलता येत नाही. ऊन तापलं की गिऱ्हाईक रोडावतं, शाळांना सुट्टी लागते आणि घर मोकळं होतं ते मे महिन्यात. बऱ्याचदा मेच्या शेवटाला, लग्नसराई आटोपल्यावर. आता समुद्राकडे पाहा. कोकणात मेच्या मध्यापासून वारा फिरतो, लाटेला जोर येतो. साधारण २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत प्रवासी होड्या आणि जलक्रीडा बंद ठेवायचा दंडक आहे. अंदमानची गोष्ट आणखी उघड आहे. मान्सून देशात पहिल्यांदा पोचतो तोच तिथे, मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास. म्हणजे फर्दापूरला सवड होते नेमकी त्याच आठवड्यात समुद्राची सवड संपते.

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंग करून परतणारी वीस पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघांचा जीव गेला. तारीख पाहा: पावसाळी बंदीला दोन दिवस उरले होते. त्याही आधीची, महाराष्ट्राच्या काळजातली आठवण ‘रामदास’ बोटीची. १७ जुलै १९४७, भर पावसाळा, मुंबईहून रेवसला निघालेली बोट, आणि सहाशेहून जास्त माणसं. त्या बोटीची कहाणी कोकणातल्या घरांत अजून सांगतात. दोन्ही अपघातांत बाकीची कारणं वेगळी असतील, पण दिवस दोन्हींत समुद्राचे होते.

अंदमानला आणखी एक फसवा काळ आहे. आपला पाऊस संपतो तेव्हा तिकडचा संपत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर बंगालच्या उपसागरात वादळं उठत राहतात. डिसेंबर २०१६ मध्ये ‘वरदा’ चक्रीवादळ आलं तेव्हा हॅवलॉक बेटावर हजाराहून जास्त पर्यटक अडकून पडले. बोटी बंद, परतीची विमानं गेलेली. नौदलाच्या जहाजांनी त्यांना बाहेर काढलं. जानेवारी ते एप्रिल हा तिथला सगळ्यात भरवशाचा काळ. नोकरदार आणि शाळकरी घरांना त्यातला फक्त एप्रिलचा शेवट हाती लागतो. परीक्षा संपल्याबरोबर निघायचं, लग्नाचं आमंत्रण राहिलं तर राहिलं, असं मी त्या घरात सांगितलं. आजींना ते पटलं नाही. लग्न भाच्याचं होतं.

जुने दर्यावर्दी निघायचे दिवस कसे निवडत ते परवाच पुन्हा पाहायला मिळालं, आणि त्याची गाठ थेट फर्दापूरच्या शेजाराशी आहे. अजिंठ्यातल्या चित्राचा आधार घेऊन भारतीय नौदलानं एक गलबत बांधून घेतलं. फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरानं शिवलेलं, इंजिनाशिवाय. केरळच्या कारागिरांनी ते गोव्यात शिवलं. चित्रावरून नेमकं माप मिळत नाही, म्हणून त्याची प्रतिकृती आधी आयआयटी मद्रासमध्ये पाण्यावर तपासून पाहिली. २१ मे २०२५ रोजी कारवारला ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ या नावानं ते नौदलात दाखल झालं. ओमानच्या वाटेला मात्र ते लगेच लागलं नाही. पावसाळा जाऊ दिला, वारा ईशान्येचा होऊ दिला आणि २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून ते मस्कतकडे निघालं. जानेवारीत पोचलं. नौदलाकडे माणसांची, साधनांची काय कमतरता? तरी त्यांनी वाऱ्याची वाट पाहिली. आपण पाच रात्री-सहा दिवसांच्या हिशेबात ती पाहत नाही.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची, आणि ही घाटावरच्या माणसाला सहज जमण्यासारखी आहे, कारण त्याच्या भिंतीवर कॅलेंडर असतं आणि त्याला तिथी कळते. कोकणातले जुने लोक तिथीवरून भरतीची वेळ काढतात: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती, दुपारी बाराला ओहोटी. चतुर्थीला भरती तीनच्या सुमाराला. अमावस्या-पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. थोडं पुढेमागे होतं, पण अंदाज घ्यायला पुरतं. हा हिशेब कोकणपट्टीचा आहे, अंदमानात तो लावू नये.

अमावस्या-पौर्णिमा आणि त्यापुढचे दोन-तीन दिवस उधाणाचे. पाणी नेहमीपेक्षा वर चढतं आणि नेहमीपेक्षा खाली जातं, त्यामुळे खाडीच्या तोंडाशी ओढ वाढते. आता दिवाळी आठवा. लक्ष्मीपूजन अमावस्येला. पाडवा, भाऊबीज पाठोपाठ. म्हणजे भाऊबीज उरकून कोकणात उतरणारी हजारो कुटुंबं दर वर्षी न चुकता उधाणातच होडीत पाय ठेवतात. म्हणून दिवाळीत जाऊच नये असं नाही. पण देवबागला कर्ली खाडीच्या मुखाशी ज्या वाळूच्या पट्ट्याला त्सुनामी आयलंड म्हणतात, तिथे जायचं तर पाणी कधी चढणार हे आधी माहीत हवं. ओहोटीचं पाणी खाडीतून बाहेर ओढत असताना समोरून समुद्राची लाट आली की मुखाशी पाणी उभं राहतं, आणि छोटी बोट तिथेच डगमगते. भरती लागत असतानाची सकाळ त्या मानानं शांत. बोटवाल्याला ‘‘भरती किती वाजता?’’ एवढंच विचारा. नीट उत्तर देणारा आणि ‘‘काही होत नाही, बसा’’ म्हणणारा, यांतला फरक तुम्हाला तिथल्या तिथे कळेल.

मग येते बोट. आपल्या घरातलं सगळ्यात लहान आणि सगळ्यात थकलेलं माणूस जिथे निर्धास्त बसेल ती बोट आपली. आठवीतल्या मुलाला पॅरासेलिंग हवं असतं, त्याच्या बापाला डॉल्फिन. सहल ठरते ती त्यांच्या आवाजावर. ठरायला हवी आजींच्या गुडघ्यांवर. राजापुरीहून जंजिऱ्याला शिडाच्या होडीतून जाणं हा सुंदर अनुभव आहे, मला स्वतःला तो फार आवडतो. पण होडी वरखाली होत असताना पायरीवर पाऊल टाकायची वेळ साधावी लागते, आणि ती आजींना साधेलच असं नाही. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याला जाणं सोपं. वाट थोडक्यात संपते, किनारा नजरेआड होत नाही. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी ज्याची पायाभरणी केली, जिथे शिवराजेश्वराचं मंदिर आहे, आणि जो २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक आहे, तो किल्ला मुलांना दाखवायला याहून चांगली पहिली बोटसफर महाराष्ट्रात नाही असं माझं मत आहे. ज्या मुलांचं बालपण अजिंठ्याच्या सावलीत गेलंय त्यांना घारापुरीही दाखवावी, लेणी आणि लाँच एकाच दिवसात. फक्त अजिंठ्यासारखीच ती सोमवारी बंद असते हे ध्यानात ठेवावं.

अंदमानची ओढ मराठी घरात वेगळीच असते. ४ जुलै १९११ रोजी ‘महाराजा’ बोटीतून सावरकरांना तिथे उतरवलं गेलं. सेल्युलर जेलच्या त्या कोठडीसमोर उभं राहायला आपली माणसं लांबून येतात, पाया पडतात, रडतातही. तिथे जरूर जावं. पण जेल पाहायला बोट लागत नाही. बोटी लागतात त्या पुढच्या बेटांना, आणि तिथे पर्याय बरेच आहेत. हॅवलॉक म्हणजे आजचं स्वराज द्वीप. तिकडे जाणाऱ्या मोठ्या कॅटमरान बोटी आहेत, सरकारी बोटीही आहेत. दीड ते अडीच तासांचा प्रवास. बंद, थंडगार केबिन आरामाची दिसते, पण ज्याला बोट लागते त्याचे हाल तिथेच होतात. कान सांगतो बोट हलतेय, डोळे सांगतात समोरची खुर्ची स्थिर आहे, आणि या भांडणात पोट ढवळतं. खिडकीजवळ, बोटीच्या मधोमध बसावं, दूर क्षितिजाकडे पाहावं, मोबाईल बंद ठेवावा, सकाळी पोटभर पुरी-भाजी खाऊ नये. गोळी घ्यायची तर ती उलटी सुरू व्हायच्या आधी, आणि लहान मुलाला डॉक्टरांना विचारूनच.

आजी आणि नात बरोबर असतील तर माझी पसंती वंडूरहून जॉली बॉयला जाणाऱ्या बोटीला. हा महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. परवाना लागतो, प्लास्टिक नेऊ देत नाहीत, आणि पावसाळ्यात ते बेट बंद ठेवून पर्यटकांना रेड स्किनकडे वळवतात. तळाला काच असलेल्या बोटीतून आजींना साडी न भिजवता प्रवाळ दिसतं. नियम जाचक वाटतात खरे. पण जिथे पाण्याची बाटली तपासतात तिथे माणसांची मोजदादही होते.

उलट, एका दिवसात तीन बेटं हा प्रकार मला नको वाटतो. त्याला कारण आहे. २६ जानेवारी २०१४ रोजी रॉस आणि नॉर्थ बे बेटांच्या परिसरात ‘अ‍ॅक्वा मरीन’ ही पर्यटकांची बोट बुडाली. वीसहून जास्त जण गेले, बहुतेक तामिळनाडूतून एकत्र सहलीला आलेले. बोटीत परवानगीपेक्षा कितीतरी जास्त माणसं होती. सुट्टीचा दिवस, ठरलेला कार्यक्रम, पुढचं बेट गाठायची घाई. अशा वेळी बोटवाला दहा माणसं जास्त घेतो आणि आपणही सरकून जागा करतो, कारण आपले पैसे भरलेले असतात आणि उद्या आपण दुसरीकडे असणार असतो. एक बेट घ्या. सकाळी लवकर जा, पोटभर पाहा, दुपारी परत या.

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा माणसं मेली. लाँचमधल्या प्रवाशांनी काय चूक केली होती? काहीच नाही. पण अनेकांच्या अंगात लाईफ जॅकेट नव्हतं. म्हणून जॅकेटवर जरा थांबते, कारण हे काम दुसरं कुणी करणार नाही, घरातल्याच मोठ्या माणसानं करायचं आहे. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाला घातलं की ते पाण्यात मुलाला तारत नाही, मूल त्यातून खाली निसटतं. पाहायची रीत सोपी आहे. जॅकेट घाला, सगळे पट्टे आवळा, आणि खांद्यावरच्या दोन्ही बाजूंना धरून मुलाला जरासं वर उचला. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते त्याचं नव्हे, दुसरं मागा. पायांमधून घ्यायचा पट्टा असेल तर तो लावा. बक्कल तुटून तिथे सुतळी बांधलेली असेल तर परत करा. मुलांचं जॅकेटच नसेल तर त्या बोटीत बसू नका. हे सगळं जेट्टीवर करायचं, बोट सुटल्यावर नाही. रांगेतले लोक खोळंबतील, कुणी हसेल. हसू द्यावं.

त्याच वेळी बोटीच्या अंगावर रंगवलेला नोंदणीचा क्रमांक आणि माणसांची क्षमता पाहून घ्यावी. महाराष्ट्रात ही नोंद मेरिटाईम बोर्डाकडे असते. क्षमतेपेक्षा माणसं जास्त दिसली तर उतरावं. पाण्याखाली जायची हौस असेल तर तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथे चौकशी करावी. पोहता येत नाही म्हणून लाजू नये, ते आधी सांगून टाकावं.

आणि शेवटचं, ज्यावर बाकी सगळं उभं आहे. मालवणच्या जेट्टीवर एकदा सकाळी स्वच्छ ऊन पडलेलं, समुद्र आम्हा परक्यांना शांत दिसत होता, आणि एक तांडेल गिऱ्हाईकांना परत पाठवत होता. ‘‘आज जाऊक गावचा नाय.’’ लोक हुज्जत घालत होते. कुणी दुप्पट पैसे देऊ केले. आमची गाडी संध्याकाळची आहे, मुलं खूप लांबून आली आहेत, असं एक बाई काकुळतीला येऊन सांगत होत्या. त्यानं मान हलवली आणि होडीचा दोर आणखी एका खुंटाला बांधला. दिवसाच्या कमाईवर पाणी सोडणाऱ्या अशा माणसाची बोट मिळाली तर दुसऱ्या दिवशी डोळे मिटून बसावं. पण त्यासाठी आपल्याकडे दुसरा दिवस असायला हवा. लांबून येणाऱ्याकडे तोच नसतो. जळगावहून किंवा संभाजीनगरहून निघतानाच प्रत्येक सकाळ विकून टाकलेली असते, म्हणून तो तांडेलाशी भांडतो, आणि जो ‘‘चला’’ म्हणेल त्याच्या बोटीत चढतो.

फर्दापूरच्या त्या घरानं शेवटी मालवण ठरवलं, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातलं. अंदमान धाकटी पोहायला शिकल्यावर. भाच्याच्या लग्नाला आजी एकट्या थांबणार होत्या, मग लग्नाची तारीखच पुढे गेली. त्यांच्या वहीत पाच दिवसांपैकी चौथ्या दिवसापुढे काहीच लिहिलेलं नाही. एजंटनं तिथे एखादा किल्ला किंवा बाजार घालू का विचारलं, सूनबाईंनी नको सांगितलं.

तुम्हीही या दिवाळीत सहलीचे पैसे भरणार असाल, तर भरण्याआधी दोन गोष्टी करा. बोटीचं नाव, तिची क्षमता आणि हवामानामुळे फेरी रद्द झाली तर पैसे परत मिळतील का, हे एजंटकडून लिहून घ्या. आणि बेटावर जाण्याच्या दिवसापुढचा एक दिवस मोकळा सोडा.